मेंगसाहेबांचे गुरुकाका

मेंगसाहेब पडले, हे खरं. ते का पडले, याबद्दल मात्र त्यांच्या इमारतीत दोन मतं आहेत. मेंगसाहेबांचं मत असं की स्वस्त अंड्यांच्या रांगेत चाकांची पिशवी ओढणाऱ्या एका म्हातारीनं त्यांना कोपरानं ढकललं. बाकी इमारतीचं मत असं की म्हातारी नुसतं ‘सरका हो’ म्हणाली आणि मेंगसाहेब सरकता सरकता खाली बसले. चीनमधल्या हानदान शहरातली अंड्यांची रांग ज्यानं पाहिली नाही त्यानं यावर बोलू नये. तिथं सकाळी उघडणाऱ्या दुकानाच्या दारातून आत शिरणाऱ्या आज्या पाहिल्या की सैन्यात भरती कशाला करतात असा प्रश्न पडतो.

पडण्याचं एवढं काही नव्हतं. कपडे झटकून ते उठलेही असते. पण वरच्या मजल्यावरच्या थाओ काकू त्याच रांगेत होत्या. बाई मनानं फार चांगल्या, फक्त त्यांच्या हाताला फोनची सवय. त्यांनी आधी मेंगसाहेबांचं चित्रण केलं, मग ते इमारतीच्या ग्रुपवर टाकलं, आणि मग ‘अगं बाई, लागलं का हो?’ म्हणत त्यांना उठवलं. मेंगसाहेब घरी पोचायच्या आत ते चित्रण देशाच्या दुसऱ्या टोकाला, शेनझेनला, त्यांच्या मुलीच्या फोनवर पोचलं होतं.

‘बाबा, आता बास,’ यिंग फोनवर म्हणाली. ‘राष्ट्रीय दिनाच्या सुट्टीत मी आणि चाओ येतोय. तुम्हाला आणि आईला घेऊनच जाणार. घर भाड्यानं देऊन टाकू.’

‘अगं, एकदा पडलो तर...’

‘हे तिसऱ्यांदा आहे. आईनं सांगितलं नाही म्हणून मला कळत नाही असं समजू नका. थाओ काकू आहेत.’

आता मुलगी काही वाईट सांगत नव्हती. पण शेनझेनचं ते घर मेंगसाहेबांनी भोगलं होतं. सत्ताविसावा मजला. खिडकीतून ढग दिसतात, माणूस दिसत नाही. मागे एकदा महिनाभर राहिले तेव्हा त्यांच्या बायको, रुईफांगबाई, स्वयंपाकघरातल्या भाताच्या कुकरशी बोलायला लागल्या होत्या, आणि कुकर बोलणारा असल्यामुळे तोही उत्तरं द्यायचा. इथं हानदानमध्ये याच रुईफांगबाई म्हणजे बागेतल्या नृत्यमंडळाच्या सेनापती! जन्म सूतगिरणीच्या खडखडाटात गेलेला, त्यामुळे आवाज असा की ध्वनिक्षेपक बंद पडला तरी कवायत अडत नाही. रोज सकाळी लाल पंखे घेतलेल्या बायकांचा ताफा त्यांच्या एका इशाऱ्यावर डावीकडून उजवीकडे वळतो. त्या बाईला ढगात नेऊन कुकरसमोर बसवायचं? बायकोपुढे ते हे बोलले नाहीत. बायको नुसती राळ्याची पेज ढवळत राहिली, आणि त्यांना तेच जास्त लागलं.

‘मी ताय-ची शिकतो,’ त्यांनी जाहीर केलं. ‘तोल सुधारेल, तब्येत सुधारेल. सुट्टीत यिंग आली की दाखवूनच देतो. शिवाय पुन्हा कुणी कोपर मारलं, तर...’

‘तर काय? म्हातारीला माराल?’

‘मारायचं नसतंच त्यात. तिचंच बळ तिच्यावर उलटवायचं.’

‘ते काय उलटवायचं ते उलटवा,’ रुईफांगबाई म्हणाल्या, ‘पण अंडी आणाल ना?’

मेंगसाहेब निवृत्त होईपर्यंत, हिवाळ्यात गावातल्या घरांना गरम पाण्याच्या नळांनी ऊब पुरवणाऱ्या सरकारी खात्यात उपविभागप्रमुख होते. विभागप्रमुख व्हायचं राहून गेलं; तो विषय त्यांच्यापुढे काढू नये. सांगायचं कारण इतकंच की या माणसाला कुठलंही काम आधी साहित्य जमवल्याशिवाय सुरू करता येत नाही. त्यांनी पांढराशुभ्र सॅटिनचा ताय-चीचा पोशाख आणला. कापड इतकं गुळगुळीत की बागेच्या बाकावर बसले की हळूहळू खाली घसरायचे. रुईफांगबाईंनी त्यांना पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘आपल्या लग्नात या कापडाची गादीची खोळ होती.’

बातमी पसरली तशी इमारत सल्ले द्यायला आली. कुणी म्हणालं, आधी महिनाभर उलटं चाला. मेंगसाहेब उलटे चालले आणि कचराकुंडीत बसले. कुणी म्हणालं, झाडाला पाठ घासा, रक्त मोकळं होतं. पाठ घासून पोशाखाला हिरवा डाग पडला तो शेवटपर्यंत गेला नाही. थाओ काकूंचा सल्ला मात्र नेमका होता. ‘बागेत देवदाराखाली लुआन गुरुजी असतात, त्यांच्याकडे जा. बाकीचे सगळे व्हिडिओ बघून शिकलेले. लुआन गुरुजी खरे. जुन्या घराण्यातले.’

लुआन गुरुजी सत्तरी ओलांडलेले, बारीक चणीचे गृहस्थ. सोबत कायम काचेच्या बरणीत चहा. बोलणं फार कमी. पहिल्याच दिवशी त्यांनी मेंगसाहेबांना गुडघे जरा वाकवून, हात पुढे गोल धरून उभं केलं आणि स्वतः चहा प्यायला गेले. मेंगसाहेबांना वाटलं, आता येतील, मग येतील. पाय थरथरायला लागले, घाम कानामागून मानेवर आला.

‘गुरुजी, हल्ला कधी शिकवणार?’

‘खांदे सोडा.’

‘सोडलेत की.’

गुरुजींनी जवळ येऊन बोटानं दाबून पाहिलं. ‘हे सोडलेले नाहीत,’ ते म्हणाले. ‘हे अजून कचेरीत बसलेत.’

सगळा पावसाळा त्या खांद्यांत गेला. त्यातून दुसरी अडचण अशी की देवदारापासून हाकेच्या अंतरावर रुईफांगबाईंचं नृत्यमंडळ. इकडे गुरुजी सांगायचे, ढगांसारखे हात फिरवा, सावकाश, मनात काही नको. तिकडून ढोल सुरू व्हायचा. मेंगसाहेबांचे हात ढगांसारखे निघायचे आणि कंबर मात्र गाण्याच्या ठेक्यावर जायची. एकदा तर त्यांनी डोळे मिटून एकाग्रतेनं संपूर्ण वळण घेतलं, डोळे उघडले तर बायकांच्या तिसऱ्या रांगेत होते, आणि शेजारची बाई त्यांच्या हातात पंखा देत होती.

‘अहो, येताय तर नीट पाय टाका!’ ध्वनिक्षेपकावरून बायकोचा आवाज आला. अख्खी बाग हसली. झाडाला टांगलेल्या पिंजऱ्यातला एक पक्षीही ओरडला, आणि मेंगसाहेबांची खात्री आहे की तोही हसलाच.

मान दुखावलेला सरकारी माणूस काय करतो? अर्ज करतो. मेंगसाहेबांनी बागेच्या कचेरीत रीतसर अर्ज दिला: नृत्यमंडळाची जागा बदलावी किंवा आवाज कमी करावा. खिडकीतल्या तरुणानं तो वाचला. ‘आजोबा, दोन मंडळांचा वाद असला की दुसऱ्या मंडळाच्या प्रमुखाची लेखी संमती लागते.’

‘दुसऱ्या मंडळाची प्रमुख माझी बायको आहे.’

‘मग सोपंच आहे!’ तो आनंदानं म्हणाला. त्याचं लग्न झालेलं नसावं.

संध्याकाळी मेंगसाहेबांनी कागद जेवणाच्या टेबलावर, व्हिनेगरच्या बाटलीशेजारी ठेवला. रुईफांगबाईंनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. ‘मंडळाच्या कामाचे कागद मी घरी घेत नाही,’ त्या म्हणाल्या. ‘उद्या बागेत या. आणि येताना रांगेनं या.’

शेवटी तह झाला. आवाज निम्म्यावर, आणि बदल्यात घरची भांडी मेंगसाहेबांकडे. ते भांडी घासत असताना रुईफांगबाई पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मानानं फार हळू आवाजात म्हणाल्या, ‘शिकताय ना नीट? सुट्टी जवळ आली.’

बस्स, एवढंच. त्या एका वाक्यानं मेंगसाहेबांची झोप उडाली. ही बाई कधी काही मागत नाही. हिला इथून हलायचं नाही आणि ती ते लेकीला सांगणारही नाही. सगळं आपल्या या दोन डगमगत्या पायांवर येऊन ठेपलंय, हे त्यांना लख्ख कळलं.

थाओ काकू पुन्हा धावून आल्या. ‘अहो, असं वरवर शिकून काय होणार? गुरुजींना चहा द्या, रीतसर शिष्य व्हा. खरी विद्या ते घरच्यांनाच देतात.’

तेव्हा तेही झालं. गुरुजींच्या बैठकीत, त्यांच्या स्वर्गवासी गुरूंच्या तसबिरीसमोर, मेंगसाहेबांनी गुडघे टेकून दोन्ही हातांनी चहाचा पेला पुढे केला. गुरुजींनी घोट घेतला. विधी संपला, पण मेंगसाहेब उठेनात. सगळ्यांना वाटलं, काय ही भक्ती! प्रत्यक्षात उजवा गुडघा अडकला होता. दोन शिष्यांनी बगलेत हात घालून त्यांना उचललं.

मग गुरुजींनी घराण्याची रीत सांगितली. इथं वय बघायचं नाही, हुद्दा बघायचा नाही. जो आधी आला तो मोठा. गुरूचा गुरुबंधू तो शिष्याचा गुरुकाका, मग तो शेंबडा पोर का असेना. त्याला वाकून नमस्कार करायचा, आणि मोठ्याचा शब्द मोडायचा नाही. मोडला तर दिलेला चहा परत, नातं संपलं.

हे ऐकून मेंगसाहेबांना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. म्हणजे सेवाज्येष्ठता! ‘अगदी योग्य पद्धत आहे,’ ते म्हणाले. ‘आमच्या खात्यात ही नीट पाळली असती तर...’ पण तो विषय काढायचा नाही असं आपलं ठरलंय.

सुट्टी आली. यिंग आली, मोकळ्या बॅगा घेऊन आली. मागोमाग जावई, शेन चाओ, भरलेल्या बॅगा घेऊन. जावयाबद्दल काय सांगावं? हानदानच्याच पलीकडल्या एका खेड्यातला, चष्मा लावणारा, सासऱ्यांसमोर बसताना खुर्चीच्या कडेवर बसणारा मुलगा. लग्नाला अकरा वर्षं झाली, तेवढ्या काळात मेंगसाहेबांनी त्याला विचारलेले प्रश्न दोन: गाडी वेळेवर होती का, आणि पगार वाढला का. दोन्हीची उत्तरं ऐकून घ्यायला ते सहसा थांबत नसत.

‘उद्या सकाळी बागेत या,’ त्यांनी लेकीला बजावलं. ‘मग बोल शेनझेनचं.’

दुसऱ्या दिवशी बागेत जत्रा भरली होती. सुट्टीचा दिवस, त्यात थाओ काकूंनी आदल्या दिवशीच इमारतीला आमंत्रण दिलेलं. नृत्यमंडळानं ढोल बंद ठेवला होता. रुईफांगबाई पंखा मिटून पुढे उभ्या. लुआन गुरुजी अजून यायचे होते. मेंगसाहेबांनी सॅटिन सारखं केलं आणि सुरुवात केली. आणि खरं सांगतो, बरं चाललं होतं! हात ढगांसारखे फिरले. खांदे कचेरीतून निदान जिन्यापर्यंत आले होते. एक पाय उचलून उभं राहायची जागा आली, तिथं ते डगमगले, पण पडले नाहीत.

‘बघितलंस?’ ते धापा टाकत म्हणाले.

यिंगचा चेहरा पडलेलाच. ‘सपाट जमिनीवर सावकाश हात फिरवले म्हणून काय झालं? रांगेत कुणी धक्का दिला तर?’

‘देऊन बघा ना कुणीतरी,’ थाओ काकूंनी फोन सरसावत सुचवलं.

‘चाओ, दे रे बाबांना धक्का.’

‘मी?’ जावई पांढरा पडला. पण बायकोनं डोळे वटारल्यावर चष्मा खिशात ठेवून पुढे आला. त्यानं नुसता तळवा मेंगसाहेबांच्या हातावर ठेवला. आणि मेंगसाहेबांना काहीतरी चमत्कारिक जाणवलं. पोरगं ढकलत नव्हतं, पण ते स्वतः मागे सरकले तर हात मागोमाग यायचा, पुढे रेटलं तर समोर कुणीच नसायचं. चोर दारामागे उभा असावा तसं वाटलं त्यांना. हा आपल्याला हवं तेव्हा खाली बसवू शकतो, हे त्यांच्या पोटऱ्यांना आधी कळलं.

‘धाकट्या!’

सगळ्यांनी वळून पाहिलं. लुआन गुरुजी काचेची बरणी हातात घेऊन चक्क धावत येत होते. येऊन त्यांनी जावयाला मिठीच मारली. ‘अरे धाकट्या, होतास कुठे तू? किती वर्षं झाली!’

‘दादा,’ शेन चाओ ओशाळून म्हणाला, ‘शेनझेनला असतो. हे... हे माझे सासरे.’

मग गुरुजींनीच उलगडा केला. शेन चाओ लहानपणी सारखा आजारी असायचा. आजोबांनी त्याला उचलून शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या गुरूंच्या, म्हणजे लुआन गुरुजींच्या गुरूंच्या, पायांवर घातलं. म्हाताऱ्यांनी नवे शिष्य घेणं कधीच बंद केलं होतं, पण या काडीसारख्या पोरासाठी एकदा दार उघडलं आणि मग कायमचं लावलं. त्यांचा शेवटचा शिष्य तो हा. लुआन गुरुजींचा सख्खा गुरुबंधू.

आणि मेंगसाहेबांचा?

हा हिशेब आधी थाओ काकूंनी केला. ‘अगं बाई!’ त्या किंचाळल्या. ‘म्हणजे जावई मेंगसाहेबांचे गुरुकाका!’

नृत्यमंडळातले पंखे एकदम फडफडायला लागले. बायका तोंड लपवत होत्या. मेंगसाहेबांचे कान लाल झाले.

‘तू कधी बोलली नाहीस?’ त्यांनी लेकीकडे पाहिलं.

‘मला कुठे माहीत? सकाळी बाल्कनीत हात हलवतो, मला वाटायचं खांदा आखडतो त्याचा!’ यिंग म्हणाली, पण तेवढ्यात तिचे डोळे चमकले. मुलगी बापावर गेलेली. ‘थांबा थांबा. गुरुजी, मोठ्याचा शब्द यांना मोडता येत नाही ना?’

‘नाही येत,’ गुरुजी म्हणाले.

‘झालं तर! चाओ, तू सांग त्यांना. म्हणावं, सामान बांधा.’

आता मेंगसाहेबांपुढे एकच पळवाट होती. ‘हे असलं घराणंबिराणं मी मानत नाही,’ असं म्हणायचं, चहा परत घ्यायचा. मान वाचला असता. पण मग उरला कोण? तीनदा पडलेला एक म्हातारा, गादीच्या खोळीतला. त्याला उचलून शेनझेनला न्यायला कुणाची आडकाठी? आणि घराण्यात राहायचं तर या पोरापुढे, सगळ्या इमारतीसमोर, वाकायचं, आणि तो म्हणेल ते ऐकायचं. अकरा वर्षं खुर्चीच्या कडेवर बसवलेला तो. तो काय म्हणेल?

त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती एकटी हसत नव्हती. पंखा छातीशी घट्ट धरून उभी होती, आणि मेंगसाहेबांना ती एकदम फार एकटी वाटली.

ते दोन पावलं पुढे गेले. दोन्ही हात जुळवले आणि जावयापुढे कमरेत वाकले. सॅटिन सळसळलं. ‘गुरुकाका,’ ते म्हणाले, आणि हा शब्द घशातून काढताना त्यांना विभागप्रमुखपद दुसऱ्याला गेल्याच्या दिवसापेक्षा जास्त कष्ट पडले, ‘आपण सांगाल तसं.’

शेन चाओनं खिशातून चष्मा काढून पुसला. पुन्हा लावला. बायकोकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच सासऱ्यांसमोर ताठ उभा राहून म्हणाला, ‘आपल्या घराण्यात नव्या शिष्यानं गुरूचं गाव सोडायचं नसतं. तीन वर्षं. दादा, आहे ना असा नियम?’

लुआन गुरुजींनी चहाचा मोठा घोट घेतला. ‘आहे तर. फार जुना आहे. मीच सांगायला विसरलो.’

‘चाओ!’ यिंग ओरडली.

‘मी काय करू? घराण्याची रीत आहे.’

ढोल सुरू झाला. रुईफांगबाईंनी स्वतः सुरू केला, आणि आवाज निम्म्यावर नव्हता.

दुपारी यिंग आत रागावून पडली होती आणि रुईफांगबाई मोमोसारख्या करंज्यांच्या पारीत सारण भरत तिची समजूत घालत होत्या. सासरा-जावई बाहेरच्या खोलीत. मेंगसाहेबांनी चहा ओतला, दोन्ही हातांनी पेला पुढे केला आणि दबक्या आवाजात विचारलं, ‘तो नियम खरा आहे?’

‘नाही, बाबा.’

‘मग माझ्यासाठी खोटं बोललास?’ मेंगसाहेब भारावून म्हणाले.

शेन चाओनं दाराकडे पाहिलं. ‘बाबा, आमच्याकडे खोल्या दोन आहेत. मागच्या वेळी तुम्ही आलात तेव्हा मी महिनाभर बाल्कनीत झोपलो होतो. तुम्हाला आठवत नसेल.’

मेंगसाहेब असे हसले की चहा पोशाखावर सांडला. चाओही हसला. बऱ्याच वेळानं दोघं थांबले, तर दारात यिंग उभी होती. डोळे सुजलेले.

‘हसा,’ ती म्हणाली. ‘तुम्हाला सगळी गंमत वाटते. तिथं रात्री-अपरात्री फोन वाजला की माझं काय होतं माहितेय? प्रत्येक वेळी वाटतं, पडले. इथं येऊन पोचायला मला अख्खा दिवस लागतो बाबा. अख्खा दिवस.’ आणि ती रडायलाच लागली.

मेंगसाहेबांना हे कधी सुचलंच नव्हतं. इतके दिवस त्यांना वाटत होतं की पोरीला त्यांच्यावर हुकूम चालवायचाय. मी आता पडणार नाही, असं वचन द्यायला ते तोंड उघडत होते. पण सकाळी जावयाचा नुसता तळवा लागल्यावर पोटऱ्या काय म्हणाल्या ते त्यांना आठवलं. वचन खोटं ठरलं असतं.

ते उठले आणि शेन चाओसमोर उभे राहिले.

‘गुरुकाका,’ ते म्हणाले, आणि या वेळी शब्द आपोआप निघाला, ‘मला पडायचं कसं ते शिकवा.’

मग काय, टेबल भिंतीला लागलं, पलंगावरची गादी खाली आली. हनुवटी आत, हात सैल, श्वास सोडा, कुशीवर घ्या, बाबा, मनगटावर नको. पहिल्यांदा मेंगसाहेब पोत्यासारखे पडले. दुसऱ्यांदा खुर्ची घेऊन पडले. पिठाच्या हातांनी रुईफांगबाई बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून सूचना देऊ लागल्या, कारण सूचना न देता त्यांना कुणाचीही कवायत बघता येत नाही. त्यानंतर केव्हातरी मेंगसाहेब बाजूला कलले, खांदा सोडला, अगदी पुरता सोडला, आणि मांजर उन्हात आडवं होतं तसे आवाज न करता गादीवर आले. स्वतःच उठून बसले. केस विस्कटलेले, पण चेहरा असा की विभागप्रमुख झाले असते तरी झाला नसता.

यिंगनं नाक पुसलं. गादीच्या कडेला मांडी घालून बसली.

‘हं,’ ती म्हणाली, ‘पुन्हा एकदा पडा बघू.’